लक्ष्मीचा जीव अडकला

पिंडाला कावळा शिवेना. बाणगंगेवर येऊन पाऊण तास झाला, ऊन डोक्यावर आलं, पण एकही खाली उतरेना. समोरच्या भिंतीवर चांगले सात-आठ बसले होते.

धनेश ओल्या पंच्यात हात जोडून उभा होता. लक्ष्मीचा एकुलता एक मुलगा, वय बत्तीस. मागे म्हातारे वडील गुणाजी, बहीण दर्शना आणि लालबागच्या चाळीतली चार माणसं.

दर्शना पुढे झाली. "आई, बाबांना मी बघीन. तू काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. लक्ष्मीचे भाऊ शामराव म्हणाले, गावच्या घराची कौलं यंदा नक्की बदलतो. तरी नाही. मग सगळ्यांच्या माना धनेशकडे वळल्या. वळणारच! लक्ष्मीचा जीव कशात अडकलाय, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

धनेश मोबाईलवर गेम खेळायचा. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या, जमलेलं लग्न मोडलं. खेळताना हात रिकामे नसत, म्हणून आई त्याला भरवायची. बत्तीस वर्षांच्या घोड्याला! "व्यसन लागलंय रे तुला," ती म्हणायची. तो हसायचा. "छंद आहे गं. मनात आणलं तर आत्ता सोडेन." ती बिचारी पुढचा घास कालवायची.

"बोल रे झिला," शामरावमामा म्हणाले. "तिचो जीव तुझ्यातच अडकलो हा. गेम सोडतंय म्हणान सांग एकदा."

एवढंच तर म्हणायचं होतं. धनेशने तोंड उघडलं. आई होती तेव्हा तिला काहीही सांगितलेलं चालायचं. ती विश्वास ठेवायची. पण भिंतीवर बसलेल्या आईशी खोटं कसं बोलायचं? आणि खोटंच ठरणार, हे त्याला आत्ता, तिथे उभ्या उभ्या कळलं. सुतकातले दहाही दिवस तो मोबाईल घेऊन संडासात जाऊन बसत होता. आतासुद्धा जोडलेल्या हातांचे अंगठे हलत होते. त्याने ते घट्ट दाबून धरले, तरी थांबेनात. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक कावळा उडून जवळच्या पायरीवर आला. मान वाकडी करून धनेशकडे बघत बसला.

"दादा, आई उपाशी आहे रे!" दर्शना रडायलाच लागली. "बोल ना! काय जातंय तुझं?"

धनेशने तोंड मिटलं. कावळ्याकडे पाठ फिरवली आणि खाली बघत म्हणाला,

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि शिववून टाका."