घरगुती केकची कृती

घरच्या केकची सर विकतच्याला कधी येणार नाही, असं थोरल्या चिरंजीवांनी आईच्या वाढदिवसाआधी घरभर जाहीर केलं आणि गुपचूप बेकरीतून केक आणला. तो इतका देखणा निघाला, की हा यांनी केला यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं. मग दार लावून त्यांनी काट्याने गुळगुळीत क्रीम विस्कटलं, चमच्याने गुलाब दाबले आणि वर वाकडंतिकडं ‘आई’ लिहिलं.

पहिल्याच घासाला आईचे डोळे भरून आले. “माझ्यासाठी एवढा राबलास रे!”

चिरंजीवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात आई त्यांच्या कानाशी वाकली. “एक ऐकशील बाळा? पुढच्या वेळी विकतचाच आण.”