आरतीचा मान

पहिल्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले, तसे घैसास गुरुजी मनातून ओशाळले. गेल्या वर्षी आलेल्या मोठ्या तापापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता, पण पूजेची बोलावणी तुटतील म्हणून ही गोष्ट त्यांनी घरातसुद्धा फोडली नव्हती.

महापालिका आणि एक कंपनी यांच्या भागीदारीतल्या सीएनजी पंपाचं आज उद्घाटन होतं. धूर न सोडणारी कोरी बस हार घालून उभी होती.

"साहेब, वास तुमच्या पाइपाचा येतोय," कंपनीचा मॅनेजर कुजबुजला.

"जमिनीखाली आमचा, वर आला की तुमचा," महापालिकेचे इंजिनिअर म्हणाले. "आता महापौरांपुढे शोभा नको. आधी नारळ फुटू दे, मग बघू."

पाइप म्हणजे कुठलं तरी गटार फुटलं असणार, गुरुजींनी ताडलं. "चिंता नको," ते म्हणाले आणि तबकात मूठभर कापूर ओतला. "हा पेटला की वास औषधालाही उरायचा नाही."

दोघेही दचकले. बोलायचं कुणी, म्हणून एकमेकांकडे बघत राहिले.

आरतीचा मान आधी कुणाचा यावरून अडलं असेल, असं समजून गुरुजी हसले आणि त्यांनी काडी ओढली.