पाटी सरळ झाली

वृषालीनं दहावीची परीक्षा दिली, त्या सालची बुद्धपौर्णिमा. तिचा बाप धम्मपाल पुण्याहून येरमाळ्याजवळच्या आपल्या गावी आला होता. विहारातली वंदना झाली तसा तो आपल्या बापाच्या, पिराजींच्या बाजेशेजारी मांडी घालून बसला. मांडीवर टॅबलेट होता. घरात सगळे त्याला पाटी म्हणत.

त्याच्या कंपनीनं मोडीत काढलेली ती पाटी. तिच्यात लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून, मोठाल्या अक्षरांचा तक्ता बसवून धम्मपालनंच ती हिवाळ्यात आणून दिली होती. पिराजींचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. ते एका बोटानं अक्षरं दाबत, खाली ओळ उमटे आणि धम्मपालची आई सुमनबाई ती मोठ्यानं वाचत. होळीपासून पिराजींना बसणंही होईना. पाठीला जखमा झालेल्या, म्हणून उजव्या कुशीवरच पडून असत.

परवा त्यांनी बराच वेळ खपून एक ओळ लिहिली होती : श्रीमंतला सांग. पुढं बोट दमलं. श्रीमंत हा त्यांचा सोनारीतला धाकटा भाऊ. अठरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. काय सांगायचं, ते लिहायचं राहिलं होतं. सुमनबाईंनी सोनारीला फोन केला नव्हता. अर्धा निरोप कसा द्यावा?

"बिघडलंय काय, ते नीट सांग माय."

"आरं, खालची चार्जरची पिन दबू नये म्हून म्या पाटी आखूड बाजूवर उभी करते. पाटी उभी, अन् अक्षरं लोळत्यात. वाचू वाचू मान आखडली माजी."

"म्हणजे स्क्रीन फिरत नाय. ती आपोआप फिरायला पाहिजे."

त्यानं स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला आणि पाटी डावीकडं, उजवीकडं कलवली. दर वेळी नवी ओळ आली : डावी बाजू वर, उजवी बाजू वर. "आतल्या सेन्सरला सगळं कळतंय," तो म्हणाला. "स्क्रीनच ऐकत नाय."

"तुज्या बापावर गेलीया," सुमनबाई म्हणाल्या. पिराजींच्या डोळ्यांच्या कडा हलल्या.

दुपारी स्क्रीन फिरली, पण उलटी. "आता तर शीर्षासन!" धम्मपालनं कपाळ चोळलं. स्क्रीन कुठल्या बाजूला फिरावी, ते ठरवणारे नऊ आकडे एका फायलीत होते, नुसते एक आणि शून्य. त्यातला कुठला एक उणे करायचा, एवढाच प्रश्न होता. तो एक बदली, पाटी बंद करी, चालू करी, परत बदली. चारच्या सुमाराला जमलं. पाटी आडवी धरा, उभी धरा, डोक्यावर उभी करा, अक्षरं आपली सरळच. धम्मपालनं बाजेपुढं पाटी गरागरा फिरवून दाखवली. सुमनबाईंना हसू आलं.

"आबा, घ्या. लिहा आता."

पाटी स्टुलावर उभी केली. पिराजींचं बोट उठलं, अक्षरांपुढं घुटमळलं. खाली उमटलं : ठद. धम्मपालनं पुसलं. मग उमटलं : णज. बोट चादरीवर येऊन पडलं. पिराजी पाटी सोडून मुलाकडंच बघत राहिले.

"थकलेत. उद्या लिहितील," धम्मपाल म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी बोट उचललंच नाही. "रुसलाव व्हय?" सुमनबाईंनी विचारलं. "भावजीला काय सांगू, तेवढं तरी लिवा." पिराजींनी डोळे मिटून घेतले. रात्रीतून त्यांना ताप भरला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओल्या फडक्यानं अंग पुसून पुसून सुमनबाई दमल्या आणि बाजेवर उरलेल्या जागेत, पिराजींच्या उशीवरच डोकं टेकून, त्यांच्यासारख्याच कुशीवर लवंडल्या. समोर पाटी होती. तिच्यावरची सगळी अक्षरं लोळत होती.

त्या उठून बसल्या. अक्षरं सरळ. पडल्या. अक्षरं आडवी. असं तीनदा करून बघितलं. पाटी हातात घेऊन सगळीकडनं फिरवून बघितली, तर अक्षरं बसलेल्या माणसाकडंच तोंड करून उभी राहत होती. बिघडलेली होती, तेव्हा ती पिराजींना वाचता येत होती.

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"धम्मा, आपुन दोगांनी बसून बगितलं रं. तुजे आबा पडून हायेत."

फोनवरच धम्मपाल सांगू लागला. पाटी आधी आडवी धर. वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढ. कुलपाचं चित्र दिसलं का? ते दाब, म्हणजे स्क्रीन फिरायची थांबेल. आता पहिल्यासारखी उभी कर.

सुमनबाईंनी केलं. अक्षरं लोळली.

"आवो, झालं बगा सरळ. बगा की." पिराजींचे डोळे अर्धे उघडे होते. सुमनबाईंनी त्यांचं बोट धरून अक्षरांपर्यंत नेलं आणि सोडलं. ते काचेवरून घसरत खाली आलं. बोट तव्यासारखं तापलं होतं.

दिवस मावळायला त्यांनी सोनारीला फोन केला.

"भावजी, तुमाला निरोप हाय."

"कुणाचा? दादाचा? काय म्हणतोय?"

"ते लिवायचं ऱ्हायलंय. तुमी या."

"सकाळी निघतो, वैनी."

श्रीमंत दहाच्या गाडीनं येरमाळ्यात उतरले. पिराजी त्याच सकाळी सव्वाआठला वारले होते, पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी.