हद्दीबाहेरचा उजेड

सोनाळ्याजवळच्या त्या खेड्यात नुकतीच वीज आली होती. सरपंच उत्तमरावांनी गोठ्यावर मोठा दिवा लावला आणि त्याचा झोत रात्रभर शेजारच्या झुंबरबाईच्या ज्वारीवर पडू लागला. साऱ्या शिवारात कणसं भरली, हिची ज्वारी मात्र नुसतीच उंच वाढत राहिली.

"भाऊ, ज्वारीले अंधार लागते. दिवा खाली वळवा ना."

"काऊन वं, तुह्या ज्वारीले झोप येत नाही काय?" उत्तमराव चारचौघांत हसले.

ते हसणं झुंबरबाईला झोंबलं. पंचायतीत बायकांच्या दोन जागा होत्या, त्यातली एक तिची. तिनं ठराव मांडला: कोणाच्याही दिव्याचा उजेड त्याच्या हद्दीबाहेर जाऊ नये.

उत्तमरावांनी खुशाल मतं घ्यायला लावली. दुसऱ्या जागेवर त्यांनी आपल्याच बायकोला, रुखमाबाईला, बसवलं होतं. बाकीचे हात निम्मे-निम्मे झाले, तेव्हा ते निवांतपणे तिच्याकडे वळले.

रुखमाबाईनं पदर सावरला आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला.



"लगन झाल्यापासून यायनं माह्यं एक ऐकलं नाही. आता साऱ्या गावादेखत ऐका लागीन."