मोठ्या बाईंची वार्षिक बैठक

वर्षाच्या शेवटच्या बैठकीत चित्रकाराला कामावरून काढून टाकण्यात आलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. चित्रकारानेही ते ऐकलंच नाही असं धरलं होतं.

तो घरूनच काम करायचा. सुटं कपाट विकत घेतलं की खोक्यात एक कागद निघतो ना, कुठली फळी कुठे ते दाखवणारा? त्यावरची चित्रं याची. त्या चित्रांतला माणूस सदा हसरा असतो, कारण शेवटी त्याच्याकडे एकही स्क्रू उरत नाही.

धंदा मात्र मोठ्या बाईंचा. पाटीवर नावही त्यांचंच. सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. सगळे म्हणजे चित्रकार एकटाच, कारण दुसरं कुणी कामाला नव्हतं. बाई आल्या त्याच वर्षी त्याने आधीची नोकरी सोडली. पहिलं वर्षभर बाईंनी त्याला एक रात्र धड झोपू दिलं नाही. आता बऱ्याच निवळल्या होत्या.

दुपारची डुलकी काढून बाई बैठकीला आल्या. चित्रकाराने खुर्चीवर दोन उशा रचल्या, हात देऊन त्यांना बसवलं आणि सफरचंदाची सालं काढून बारीक फोडी समोर ठेवल्या. बाईंचे पुढचे दात पडले होते. त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"काम दाखवा."

त्याने वर्षभराचे कागद मांडले. बाई एकेका चित्रावर बोट ठेवत गेल्या.

"हा एकटाच का कपाट लावतो? याला कुणी नाही का?"

"कपाटवाल्या कंपनीला एकच माणूस पुरतो, बाई."

"आणि अंगावर पडलं म्हणजे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कंपनीलाही पडला नव्हता.

"दुसरं. तुम्ही रविवारी काम करता. मी फटीतून पाहिलंय."

"घाई असते हो."

"नामंजूर. पुढच्या वर्षी रविवार बंद."

चित्रकाराने घसा साफ केला. आता सांगायलाच हवं होतं.

"बाई, त्या कपाटवाल्या कंपनीने बोलावलंय. कायमची नोकरी. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. आमची ताई म्हणते, चालून आलीय तर लाथाडू नकोस. उद्या कळवायचंय."

बाईंनी हातातली फोड खाली ठेवली.

"मग चारला दार कोण उघडणार?"

"ताई येईल की."

"तुमच्या ताई फोडी मोठ्या करतात."

"सांगू तिला."

"आणि रस्ता ओलांडताना?"

रस्त्यात बाई त्याचा हात घट्ट धरत. त्यांचं म्हणणं, तो घाबरतो म्हणून.

"ताई धरेल ना हात."

"ताई घाबरत नाहीत," बाई म्हणाल्या.

मग त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. हनुवटी थरथरू लागली. मालकिणीची हनुवटी थरथरली की काय करायचं, हे कुठल्याच कागदावर चित्र काढून दाखवलेलं नसतं.

"तुम्हाला कामावरून काढलंय," बाई खिडकीलाच म्हणाल्या. "जा."

चित्रकाराने जणू काही ऐकलंच नाही. एक कागद पुढे ओढून तो रेघा मारू लागला. हसऱ्या माणसाशेजारी दुसरा माणूस उभा राहिला. बुटका. कपाटाला दोन्ही हातांनी खालून टेकू दिलेला, तोंडभर हसणारा, पुढचे दात नसलेला.

बाईंची मान हळूच वळली. बोट कागदावर आलं.

"हे कोण?"

"याच्याशिवाय कपाट उभंच राहत नाही. उद्या कंपनीला तसं कळवतो. नोकरी नको, हेही त्यातच कळवतो."

"ताई ओरडतील."

"ओरडू दे. मी घाबरतो, पण ओरडू दे."

"आणि रविवार?"

"बंद."

बाईंनी थोडा विचार केला. त्या विचारात दोन फोडी संपल्या.

"बरं. परत घेतलं तुम्हाला." आणि त्यांनी कागदावर शिक्का उमटवला. शिक्का बटाट्याचा होता, पण धंद्यात दुसरा कुठलाच शिक्का चालत नसे.

बैठक संपली. बाईंनी उशांवरून खाली उडी मारली आणि "बाबा, आता माप!" असं ओरडत त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. चित्रकाराने त्यांच्या डोक्याच्या उंचीला चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली. गेल्या वर्षीच्या रेघेपेक्षा ती चांगली चार बोटं वर गेली होती. तो त्या रेघेकडे बघत राहिला, मग दोन पावलं मागे सरला, हात बांधले आणि बैठकीतल्या आवाजात म्हणाला, "मोठ्या बाईंना नम्र विनंती की, त्यांची चालू वर्षाची उंची पुढील आदेश होईपर्यंत आहे तशीच कायम ठेवण्यात यावी."