दारामागचं वचन

भाऊ घर सोडून गेल्यापासून, तीन वर्षं, आई दाराला कडी लावत नाही. दारामागे बायबलमधल्या वचनाचं कार्ड चिकटवलंय: 'तुझी मुलं परत येतील.' मी टपालखात्यात पत्रं निवडते. आधी पत्ता बघायचा, ही हाडीमाशी खिळलेली सवय. काल त्या वचनाचा अख्खा अध्याय वाचला आणि जीव थाऱ्यावर राहिला नाही. "आई, हे वचन देशोधडीला लागलेल्या इस्राएली लोकांना दिलेलं. आपल्याला देवानं एवढंच सांगितलंय: मी तुमच्याबरोबर आहे." भाजी चिरता चिरता आईनं विचारलं, "पत्ता चुकलेल्या पत्राचं काय करता गं तुम्ही?" "पाठवणाऱ्याकडे परत धाडतो." "मग देवालाच सांगते, आमच्याबरोबर आहेस ना, मग बस माझ्याशेजारी, वाट बघ." मी चिडून कडी लावायला उठले. जिन्यात पावलं वाजली. आईची सुरी थांबली. पावलं वरच्या मजल्यावर गेली. कडी मी लावली नाही.