यादीतला पहिला नंबर

बाळंतपणाची रजा संपायच्या आत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची परीक्षा पास झाले नाही, तर ऑफिसातलं माझं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. म्हणून दुपारी लेक मांडीवर झोपली की मी फोनवर सराव परीक्षा द्यायचे. एक बोट तिच्या मुठीत, उरलेल्या एका अंगठ्याने उत्तरं.

पेपर दीड तासाचा. मी शेवटच्या मिनिटापर्यंत कोडमधल्या क्लास आणि इंटरफेसच्या गुंत्यात, आणि निकालाच्या यादीत रोज सगळ्यांत वर 'घार' असं टोपणनाव घेतलेली कुणी एक. तिचा अख्खा पेपर पस्तीस मिनिटांत पूर्ण.

"उरलेल्या वेळात काय नखं रंगवत बसते का ही?" मी नवऱ्याला म्हणाले.

"तूही रंगव की, पास झाल्यावर," तो म्हणाला.

त्याला काय कळणार. मला मात्र तिची ती बंद खोली दिसायची, टेबलावर आयता चहा, आणि दाराबाहेर पाय न वाजवता फिरणारी सासरची माणसं. नुसता जळफळाट व्हायचा जिवाचा.

काल अगदीच राहवलं नाही. तिला मेसेज टाकला, "ताई, चांगला दीड तास मिळतो, तरी तुम्ही पस्तीस मिनिटांतच पेपर का संपवता?"

लगेच उत्तर आलं.



"जुळी आहेत गं माझी. दोघं एकाच वेळी झोपतात, ती तेवढीच मिनिटं."